खुंटीजोड संकरित

तीन माणसांनी मिळून एका बाईंना गाडीत चढवावे, हे दृश्य लांबून पाहणाऱ्यास मोठे प्रेमळ वाटते. परंतु जिला चढवले जाते तिला ते प्रेम आणि हमालकाम यांतला भेद सांगता येत नाही. कोशकारांच्या पत्नींची नेमकी हीच अडचण झाली होती. एकतीस वर्षे मुख्याध्यापिकेची खुर्ची भूषवल्यामुळे इमारतीतले लहानथोर सारे त्यांना 'बाई' म्हणत. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्या दर बुधवारी आपल्या धाकट्या भावाच्या उंच, काळ्या, डिझेलवर गुरगुरणाऱ्या गाडीतून डॉक्टरांकडे जात. तेव्हा भाऊ वरून हात ओढी, कोशकार खालून कोपर सावरत, आणि फाटकावरचा वृद्ध पहारेकरी दार धरून "सावकाश, सावकाश" असे म्हणे.

"अरे, मी काय कपाट आहे?" एका बुधवारी बाई म्हणाल्या.

"ताई, कपाट परवडलं," मेहुणे म्हणाले. "ते बोलत तरी नाही."

त्या दिवशी घरी परतल्यावर बाईंनी वॉकर भिंतीशी उभा केला, खुर्चीत बसल्या, आणि शाळेच्या तपासणीचा दिवस जाहीर करावा तशा सुरात म्हणाल्या, "अहो, ऐका. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून मला आठवड्यातून तीनदा व्यायामाला जायचंय. एक तारखेला मी आपल्या गाडीत बसणार. माझी मी. कुणी हात लावायचा नाही."

"आपल्याकडे गाडी नाही," कोशकारांनी वस्तुस्थिती निदर्शनास आणली.

"म्हणून तर आज सांगतेय. चार आठवडे आहेत. फ्रिज घ्यायला तुम्ही अकरा महिने लावलेत, ते आठवून सांगतेय."

फ्रिजचा हा उल्लेख अन्याय्य होता, असे कोशकारांचे मत होते. चौतीस वर्षे कोशमंडळात शब्दार्थ लावण्यात घालवलेल्या मनुष्याने दोन वस्तूंत निवड करताना तुलना न करणे म्हणजे सुताराने रंध्याविना फळी गुळगुळीत म्हणण्यासारखे आहे. त्यांची पद्धत ठरलेली होती. प्रत्येक गुणास एक चिठ्ठी, चिठ्ठ्यांस एक खोके, खोक्यावर एक चिठ्ठी. त्याच सायंकाळी बुटांचे रिकामे खोके जेवणाच्या टेबलावर आले आणि त्यावर तीन शीर्षके झळकली: मितव्यय, वेग, नित्योपयोग.

गाडी कोणत्या जातीची घ्यावी, हे मात्र त्यांनी विलक्षण त्वरेने, म्हणजे चार दिवसांत, ठरवले. व्यायामकेंद्र नऊ किलोमीटरांवर होते, जाऊन-येऊन अठरा. एवढे अंतर विजेवर सहज व्हावे. परंतु क्वचित कन्येच्या गावी तीनशे किलोमीटर जायचे झाल्यास वाटेत वीज शोधत फिरण्याचा प्रसंग येऊ नये. तेव्हा जिच्यात वीज आणि पेट्रोल दोन्ही नांदतात आणि जी घरच्या भिंतीतल्या विजेवर भरता येते, अशी गाडी हवी. तिला सारे जग 'प्लग-इन हायब्रिड' म्हणते. कोशकार म्हणत नसत. बोलण्यात ते परक्या शब्दांना क्षमा करीत, क्वचित चहाही पाजत. परंतु त्यांच्या लेखणीतून चौतीस वर्षांत एकही इंग्रजी शब्द उतरला नव्हता, आणि हे त्यांचे व्रत कोशमंडळात शिपायापासून अध्यक्षांपर्यंत सर्वांस ठाऊक होते. निवृत्तीपूर्वीच्या शेवटच्या परिभाषासूचीत त्यांनीच या वाहनासाठी शब्द घडवला होता: खुंटीजोड संकरित. तो कोणीही वापरत नव्हते. शब्दाला रुळायला वेळ लागतो, असे ते म्हणत.

ही बातमी जिन्यातून खाली उतरण्याआधीच सल्ले वर चढू लागले. तळमजल्यावर राहणारे, बँकेतून निवृत्त झालेले आणि आता इमारतीच्या संस्थेचे चिटणीस असलेले गृहस्थ म्हणाले, "दोन दगडांवर पाय, कोशकार. एक इंजिन बिघडलं की दुसरं रुसतं." तिसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पूर्ण विजेची घ्या किंवा घेऊच नका. अर्धवट उपचार मी कुणालाच सांगत नाही." मेहुण्यांनी तर निकालच दिला: "भाऊजी, एक ना धड भाराभर चिंध्या. डिझेल घ्या."

"मनुष्यास दोन डोळे असतात," कोशकार शांतपणे म्हणाले, "त्यास कोणी दोन दगड म्हणत नाही."

त्यानंतर त्यांनी तीन विक्रीदालने पायाखाली घातली. सोबत खोके होते, आणि काखेत बाईंचा घडीचा वॉकर होता. कारण तो मागच्या सामानकप्प्यात मावतो की नाही, हा नित्योपयोगाचा पहिला प्रश्न होता. पण काखेत वॉकर घेऊन येणाऱ्या अडुसष्ट वर्षांच्या गृहस्थांस पाहून पहिल्या दालनातल्या विक्रेत्याने धावत खुर्ची आणली, दुसऱ्याने पाणी आणले, आणि तिसऱ्याने, कोशकार ताठ उभे असताना, त्यांच्या कानाशी मोठ्याने विचारले, "आजोबा, सोबत कुणी आलंय का?"

"माझ्यासोबत माझी विचारशक्ती आली आहे," कोशकार म्हणाले. विक्रेत्याने दाराकडे पाहिले.

तुलनेला आरंभ झाला तो व्याकरणातून. ज्या वाहनात दोन शक्ती एकत्र येतात तो समासच होय, तेव्हा तो कोणता समास, हे आधी कळले पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. पहिली पांढरी, बुटकी गाडी. तिच्यात इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही समान बळाची. कधी ही पुढे, कधी ते पुढे, जोर हवा तर दोघेही एकदम. ती द्वंद्व ठरली. दुसरी निळी आणि उंच. तिच्यात सारा कारभार इंजिनाचा. वीज आपली षष्ठी विभक्तीसारखी मागे उभी. ती तत्पुरुष. तिसरी राखाडी, जरा आखूड. तिच्यात रोजच्या रस्त्यावर चाकांना मोटरच हलवी, आणि इंजिन बहुधा आतल्या आत बॅटरी भरत बसे. पदे दोन, पण दोन्हींचे बोट तिसऱ्याकडे. ती बहुव्रीही.

"यात प्रधान पद कोणते?" असे त्यांनी प्रत्येक विक्रेत्यास विचारले. पहिल्याने "वरचं मॉडेल, सर" असे उत्तर दिले.

मितव्ययाच्या चिठ्ठीवर ते सर्वांत अधिक रमले. तिन्ही माहितीपत्रकांत लिटरमागे इतके किलोमीटर छापले होते की एका टाकीत मनुष्याने समुद्र गाठावा आणि परत यावे. कोशकारांस हस्तलिखितांचा अनुभव होता. जो पाठ अतिसुंदर असतो तो प्रक्षिप्त असतो, हे ते जाणून होते. त्यांनी खिशातले भिंग काढले आणि तळटीप वाचली.

"हा आकडा बॅटरी पूर्ण भरलेली धरून काढला आहे. म्हणजे पहिले साठ किलोमीटर पेट्रोल जवळजवळ लागलेलेच नाही."

"बरोबर, सर."

"बॅटरी रिकामी असता किती?"

विक्रेता हसला. "सर, रिकामी होऊच द्यायची नाही ना."

"रिकामी झाल्यावर ती जड बॅटरी इंजिनालाच वाहावी लागते. तेव्हा साध्या गाडीहून अधिक पेट्रोल लागेल. सत्य आहे?"

"सर, तुम्ही याआधी कोणत्या कंपनीत होतात?"

सारांश असा निघाला की रोज भरणाऱ्यास ही गाडी कामधेनू आणि न भरणाऱ्यास पांढरा हत्ती. तेव्हा सारे काही वाहनतळातल्या एका खुंटीवर, म्हणजे विजेच्या जोडणीवर, अवलंबून होते. आणि ती बसवण्यास संस्थेची परवानगी आवश्यक होती. सर्वसाधारण सभा तिसऱ्या रविवारी होती. त्यानंतरची तीन महिन्यांनी.

कोशकारांनी अर्ज लिहिला. तो त्यांच्या गद्याचा उत्तम नमुना होता, हे आजही मान्य करावे लागेल.

'विषय: वाहनतळ क्रमांक सात. महोदय, मी लवकरच एक खुंटीजोड संकरित घेत आहे. तिला सदर जागी खुंटीस जोडून ठेवणे आवश्यक असून दिवसाकाठी चार-पाच तासांचे भारण तिला पुरेसे होते. ती अत्यंत शांत असून तिच्यापासून शेजाऱ्यांस कोणताही उपद्रव संभवत नाही. आवश्यक ती खुंटी मी स्वखर्चाने बसवीन. कृपया अनुमती असावी.'

'संकरित' या विशेषणापुढे 'वाहन' हा शब्द त्यांनी लिहिला नाही. विषयाच्या ओळीत तो एकदा आलाच होता; तेथून तो पुढे अनुवृत्तीने येतो, अध्याहृत असतो, हे कोणाही सुजाणास कळावे. सूत्रकारांनी अर्ध्या मात्रेच्या बचतीत पुत्रजन्माचा आनंद मानला; कोशकारांनी तर पुऱ्या चार मात्रा वाचवल्या होत्या.

संस्थेच्या कचेरीतला कारकून मात्र सूत्रवाङ्मयात वाढला नव्हता. तो त्याच्या गावी वाढला होता, जिथे त्याच्या थोरल्या भावाचा गोठा होता. त्याने अर्ज टंकित केला, जिथे काही राहिले असे वाटले तिथे भरले, चिटणिसांची सही घेतली, आणि फळ्यावर लावला. कोशकार ती सूचना पाहते, तर ही कथा इथेच संपती. परंतु ते संस्थेचा फलक कधीच वाचत नसत. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांनी त्यांच्या छातीत धडधड होई.

दोन दिवसांनी पत्रपेट्यांपाशी चिटणीस आणि डॉक्टरीणबाई उभ्या असलेल्या आढळल्या.

"काय कोशकार, ठरली का?" चिटणीस जरा जपून बोलले.

"तीन पाहिल्या. तिन्ही निरनिराळ्या दालनांत."

"दालनांत? हल्ली त्यांना दालनं असतात?"

"वातानुकूलित. फरशीत तोंड दिसते."

"काळ बदलला," चिटणीस म्हणाले. "देते किती पण?"

"पूर्ण भरली तर साठ. थंडीत पन्नास धरा."

चिटणिसांनी पत्रपेटीचा आधार घेतला. "साठ! घरात तुम्ही दोन माणसं. एवढ्याचं करणार काय?"

"बाईंनाच अठरा लागतील."

"अठरा? एका दिवशी?"

"गुडघ्यासाठीच तर हे सारे चालले आहे. आठवड्यातून तीनदा. डॉक्टरांनीच सांगितले."

डॉक्टरीणबाईंनी कोशकारांच्या दुसऱ्या मजल्याकडे पाहिले. "कोणते डॉक्टर?" त्या हळूच म्हणाल्या. "आणि उरलेलं?"

"उरते ते तिच्यातच राहते. दुसऱ्या दिवशी कामी येते."

"तिच्यातच! काढावं लागत नाही?"

"मुळीच नाही. हेच तर नवे तंत्र."

चिटणिसांच्या चेहऱ्यावर आदर आणि अविश्वास यांचे द्वंद्व उमटले. "स्वभावाने कशी आहे? लाथबीथ?"

या प्रश्नाने कोशकार प्रसन्न झाले. वेगाच्या चिठ्ठीचा विषय कोणीतरी काढला होता. "पाय ठेवण्याचा अवकाश, अशी उसळते! पण धक्का म्हणून बसत नाही. पांढरी तर फारच चपळ."

"पाय ठेवायचा? तिच्यावर?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि वास? माझा दवाखाना आहे वर. पेशंट येतात."

"साठपर्यंत नाही. त्यापुढे मागून थोडा धूर येतो, पण नगण्य."

डॉक्टरीणबाई तडक जिना चढून गेल्या. चिटणीस मात्र थांबले. चारही बाजूंना पाहून हलक्या आवाजात म्हणाले, "हरकती येतील, कोशकार. पण मी तुमच्या बाजूने आहे. आमचं अर्धा लिटर लिहून ठेवा. सकाळचं."

ही पेट्रोलविषयीची काही तरी कोटी असावी, असे समजून कोशकार हसले. घरी येऊन त्यांनी बाईंना सांगितले, "चिटणीस आपल्या बाजूचे आहेत. मला वाटते, लोकांत या विषयाची जाण वाढते आहे."

"मग आज दूधवाला माझ्याशी का बोलला नाही?" बाई म्हणाल्या. कोशकारांस त्याचे कारण सुचले नाही.

कारण शुक्रवारी दारात येऊन उभे राहिले. ते नगरपालिकेच्या पशुविभागाचे निरीक्षक होते. काखेत फाइल, पायात गुडघाभर रबरी बूट. शहराच्या हद्दीतले असे प्रकरण संस्थेला आपल्या अधिकारात मंजूर करता येत नाही, म्हणून चिटणिसांनी ते नियमाप्रमाणे पुढे पाठवले होते. कोशकारांनी त्यांना सन्मानाने आत घेतले. परवानगीसाठी नगरपालिका स्वतः घरी येते, याचे त्यांना कौतुक वाटले. बुटांचे वाटले नाही, पण तळघरातली वाहिनी तपासायची असेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. कोपऱ्यात बाई आपला व्यायाम करीत होत्या: खुर्चीतून उठायचे, बसायचे, बारा वेळा.

"जात?" निरीक्षकांनी नमुना उघडला.

"संकरित."

"विदेशी रक्त किती?"

"भाग बहुतेक विदेशी. जुळणी इथली."

निरीक्षकांनी क्षणभर वर पाहिले आणि लिहिले. "रंग?"

"पांढरा, निळा किंवा राखाडी. निश्चय व्हायचा आहे."

"निळा," निरीक्षक स्वतःशीच म्हणाले. "वय?"

"अगदी नवी कोरी. कोणी हात लावलेली नाही."

"म्हणजे कालवड."

कोशकारांचा हात सवयीने खिशातल्या कोऱ्या चिठ्ठीकडे गेला. "हा शब्द या अर्थी मी प्रथमच ऐकतो. आपल्या खात्यात नव्या वाहनास कालवड म्हणण्याचा प्रघात आहे काय?"

"वाहन?" निरीक्षक म्हणाले. "कसलं वाहन? मी गाईबद्दल विचारतोय."

बाई सातव्या उठण्यात होत्या. तशाच मटकन खाली बसल्या आणि हसू लागल्या. शस्त्रक्रियेनंतरचे हे त्यांचे पहिले हसणे होते, आणि दोन महिन्यांची थकबाकी एकदम वसूल करावी तसे ते थांबेना. "अठरा लिटर!" त्या डोळे पुसत म्हणाल्या. "म्हणून डॉक्टरीणबाई काल विचारून गेल्या, अठरा झेपतील का, पोट कसं आहे!"

कोशकार मात्र हसले नाहीत. ते जिना उतरून, आयुष्यात पहिल्यांदा, संस्थेच्या फलकासमोर उभे राहिले. 'सभासद क्र. सात यांना वाहनतळात संकरित गाय पाळणेची आहे. तिला खुंटीस जोडून ठेवणे व दिवसाकाठी चार-पाच तासांचे चारण... हरकती सात दिवसांत.' खाली अकरा हरकती होत्या आणि एक अनुमोदन.

"भारणाचे चारण कोणी केले?" त्यांनी कचेरीत विचारले.

"साहेब, चूक होती, मी दुरुस्त केली," कारकून नम्रपणे म्हणाला.

"आणि गाय?"

"संकरितच्या पुढं काहीतरी राहिलं होतं तुमचं. आमच्याकडं संकरितपुढं गायच येते. संकरित बियाणं पण येतं, नाही असं नाही. पण बियाणं कोण खुंटीला जोडतं, साहेब?"

चौतीस वर्षांत अर्थनिश्चितीची इतकी निर्दोष सरणी कोशकारांनी कोशमंडळाच्या बैठकीतही ऐकली नव्हती. संदर्भ, साहचर्य, योग्यता: सारे काही तिच्यात होते. फक्त गाडी नव्हती.

चिटणिसांनी त्यांना बाजूला घेतले. अर्धा लिटर बुडाल्याचे दुःख त्यांनी मोठ्या मनाने गिळले होते. "नवा अर्ज उद्या दुपारी बारापर्यंत द्या, परवाच्या सभेत घेतो. पण कोशकार, तुमचा तो खुंटीजोड पुन्हा आणू नका. लोक हसतील. आणि हसणारी सभा मंजुरी देत नसते, पुढच्या सभेवर ढकलते. साधं लिहा. सगळे म्हणतात तसं."

सगळे म्हणतात तसे! शनिवारी सकाळी कोशकार टेबलाशी बसले. प्रथम त्यांनी 'खुंटीजोड संकरित वाहन' असे लिहिले आणि 'खुंटीजोड' या शब्दाला तळटीप दिली. मग त्या तळटिपेतल्या एका शब्दाला तळटीप दिली. दुसरे पान लागले. हे केवळ हट्टाचे लक्षण म्हणता येणार नाही. ज्याने आयुष्यभर एकच व्रत पाळले, त्याने ते अडुसष्टाव्या वर्षी एका वाहनतळासाठी मोडावे, हे कोणासही सोपे गेले नसते.

समोर बाई मोजत होत्या. "चार... पाच... सहा..." सातव्या वेळी त्यांनी टेबलाची कड धरली. बोटांची पेरे पांढरी झाली. कोशकार अर्धे उठले.

"बसा," बाई म्हणाल्या. "मदत मागितली नाही मी. तुमचं चालू द्या."

त्यांनी पुढे विचारले नाही की अर्ज झाला का, कसा झाला, कोणत्या शब्दांत झाला. आठ. नऊ. दहा त्या मनातच म्हणाल्या असाव्यात. ओठ हलले, आवाज आला नाही.

कोशकारांनी दोन्ही पाने फाडली. नवा कागद घेतला, टाक झटकला, आणि एका दमात लिहिले: 'पार्किंग क्रमांक सातमध्ये माझ्या प्लग-इन हायब्रिड कारसाठी चार्जिंग पॉइंट बसवण्यास परवानगी मिळावी.' एका ओळीत सहा इंग्रजी शब्द. पाहुण्यांनी घर भरले होते, आणि घरधनी म्हणून काय ते क्रियापद शेवटी दाराशी उभे होते. त्यांनी खाली सही केली. सही मात्र त्यांनी नेहमीपेक्षा मोठी केली.

बाईंनी तो कागद वाचला, चष्मा काढला, पुन्हा लावला. "अहो," त्या म्हणाल्या, "पॉइंटवर अर्धचंद्र नको. नुसता पा... नाही, बरोबर आहे तुमचं." चुकीची दुरुस्ती सुचवण्याची त्यांच्या आयुष्यातली ती एकमेव वेळ होती, आणि ती का आली हे दोघांनाही समजले.

सभेत विषय चार मिनिटांत मंजूर झाला. एकाच सभासदाने, तेही खिन्नपणे, "म्हणजे दूध नाहीच का?" असे विचारले. पशुविभागाची फाइल मात्र बंद होईना. जनावर कमी झाल्यास नमुन्यात तीनच कारणे छापली होती: मृत, विक्री, स्थलांतर. 'मुळात नव्हतेच' यासाठी रकाना नव्हता. गाय मारण्यास कोशकार तयार नव्हते, विकण्यास पावती नव्हती; तेव्हा निरीक्षकांच्या सल्ल्याने ती स्थलांतरित झाली. ती कोठे गेली, हे अद्याप कोणी विचारलेले नाही.

राहता राहिली निवड. खोक्यातल्या एकशे बारा चिठ्ठ्यांचा निकाल निळ्या तत्पुरुषाच्या बाजूने लागला होता: मजबूत, लांबच्या प्रवासाला खात्रीची, आणि वॉकर आत घेऊनही जागा उरवणारी. पांढरी चपळ, पण तिची बॅटरी भरायला सर्वांत अधिक वेळ. राखाडी बहुव्रीही शेवटची होती. विजेवर ती सर्वांत काटकसरी असली, तरी बॅटरीने कप्प्याचा तळ असा वर उचलला होता की वॉकर आडवा, उभा, तिरका, कसाच बसत नव्हता.

"पाहू तरी," बाई म्हणाल्या, आणि प्रथमच दालनांत गेल्या. सोबत चिठ्ठी नव्हती. शाळेतली लाकडी फूटपट्टी होती. मेहुण्यांनी त्यांना आपल्या गाडीतून नेले आणि प्रत्येक वेळी चढवताना-उतरवताना "शेवटचं कपाट" असे म्हणत राहिले.

बाईंनी फूटपट्टीने काही मोजले: जमिनीपासून आसनापर्यंत. निळीपाशी मान हलवली. पांढरीत बसल्या, पण विहिरीत उतरावे तशा बसल्या, आणि वर येताना विक्रेत्याने हात पुढे केलाच. राखाडीपाशी त्या वळल्या, पाठीने आसन चाचपले, बसल्या, पाय आत घेतले. मग पाय बाहेर काढले आणि उठल्या. पुन्हा बसल्या. पुन्हा उठल्या. कोणी हात लावला नाही. बारा वेळा त्यांनी हे केले, आणि विक्रेता माहितीपत्रक छातीशी धरून पाहत राहिला.

"ही," त्या म्हणाल्या.

"अगं, पण हिच्यात वॉकर मावत नाही," कोशकारांनी चिठ्ठी पुढे केली. "नित्योपयोगाचा पहिला प्रश्नच तो आहे."

बाईंनी चिठ्ठी घेतली, वाचली, आणि दुमडून परत दिली.

"वॉकर मला जन्मभर न्यायचाय, असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

कोशकारांनी खोक्याचे झाकण लावले. ज्या तुलनेत एकशे बारा गुण मोजले आणि एक्याण्णव ठिकाणी वॉकर गृहीत धरला, तिच्यात एक मनुष्य बरा होणार आहे हे कोठेच धरलेले नव्हते. बहुव्रीहीत बोट तिसऱ्याकडे असते, हे त्यांनीच तर लिहिले होते. ते तिसरे कोण, एवढे पाहायचे राहिले.

गाडी दालनात तयार उभी होती. महिना संपण्याआधी ती वाहनतळात आली. एक तारखेला सकाळी साडेनऊ वाजता बाई काठी टेकत खाली उतरल्या. मेहुणे मुद्दाम आले होते. चिटणीस सहज आले होते. डॉक्टरीणबाई खिडकीत होत्या. बाई गाडीशी वळल्या, तेव्हा तीन पुरुषांचे सहा हात आपोआप पुढे झाले.

"हात मागे," बाई म्हणाल्या.

सहाही हात शाळेतल्यासारखे पाठीमागे गेले. बाई बसल्या. पाय आत घेतले. दार स्वतः ओढून लावले, आणि काच खाली करून समोर पाहत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्याकडे त्या वेळी कोणी फार वेळ पाहिले नाही. ते बरे झाले.

भिंतीतल्या जोडणीपाशी उभ्या असलेल्या पहारेकऱ्याने विचारले, "बाई, गाय सोडू का?"

चिटणीस खोकले. कारकून कचेरीत अदृश्य झाला. कोशकारांनी डोळे मिटले. इमारतीत पंधरा दिवसांत हाच शब्द रुळला होता, हे त्यांना एव्हाना कळून चुकले होते. 'गाय आली का', 'गाय भरली का', 'कोशकारांची गाय रस्त्यात आडवी उभी आहे': सारे असेच बोलत. खुंटीजोड संकरित हा शब्द सात वर्षांत एका माणसाने वापरला, तो स्वतः कर्त्याने. आणि हा दुसरा शब्द टंकलेखनाच्या चुकीतून जन्मला, पंधरा दिवसांत चाळीस बिऱ्हाडांत गेला, आणि त्याला तळटीप लागली नाही.

"सोडा, सोडा," बाई आतून म्हणाल्या. "उशीर होतोय. आणि अहो, बसा आता चालवायला. का तुम्हाला चढवायला हवंय?"

अठरा किलोमीटर झाले. पेट्रोलचा थेंबही लागला नाही. घरी आल्यावर कोशकारांनी खोके उघडले, 'खुंटीजोड संकरित' ही चिठ्ठी काढली, फाडली नाही, सर्वांत मागे ठेवली. मग एक कोरी चिठ्ठी घेऊन त्यांनी आपल्या सुवाच्य, चौतीस वर्षांच्या अक्षरात लिहिले:

'गाय, स्त्रीलिंगी. (नवा अर्थ, बोलीतील, रूढ.) भिंतीतल्या विजेवर भरणारी, गरजेस पेट्रोलवरही धावणारी गाडी. जोडणे, सोडणे या क्रियापदांसह. उदाहरण: "बाई स्वतः गाईत बसल्या."'